सांडलेले तीळ

पुस्तकात लिहिलंय: चांदण्यांचं आकाश.
अठरा वर्षं मी गुलूच्या या दवाखान्यात काचा रंगवतो,
आधी निळा रंग, मग लाल, मग नळाची बारीक धार,
आणि पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा खरंच वाटलं,
कुणी गावाकडची रात्रच कापून आणलीय.
गडद निळ्या पेशी, एकमेकींना खेटून, गच्च.
मधेमधे फिक्या जागा, त्या चांदण्या.
चांदण्या म्हणजे कोण, तर मेलेल्यांना गिळून
सुस्तावलेल्या दुसऱ्या पेशी.
हे मी आयांना सांगत नाही.

कोमाकेच आला तेव्हा सहा वर्षांचा होता.
आमच्या अचोलीत नावाचा अर्थ, मी कमनशिबी.
बाप त्याच महिन्यात गेला होता, म्हणून ठेवलं.
आधी दात हलायला लागले.
गावातल्या दात काढणाऱ्याने दोन काढले,
तिसरा आपणच पडला,
मग गाल रताळ्याएवढा, मग डोळा वर सरकला.
आई, लामुनू, म्हणाली, परवा एवढा नव्हता.
खरं बोलत होती.
हा लिम्फोमा दिवसात दुप्पट होतो.
आंबवलेलं पीठसुद्धा एवढी घाई करत नाही.

मंगळवारी सलाईनमधून औषध सुटलं.
पाणी पाज, म्हणाली सिस्टर लागुम, आणखी पाज,
गाठ विरघळते तेव्हा मूत्रपिंडं चोंदतात.
लामुनू पिवळ्या डब्यावर रेघा मारून लघवी मोजायची.
अक्षर येत नव्हतं, रेघ एकही चुकली नाही.
शुक्रवारी डोळा खाली आला.
रविवारी गाल, गालासारखा.
केस उशीवर.
बाहेरच्या चुलींवरून बायका उठून बघायला आल्या,
गेली? कुठे गेली?

इथेच घात होतो.
गाठ गेली म्हणजे आजार गेला,
असं कुणाला नाही वाटणार?
अजून पाच फेऱ्या, म्हणाले डॉक्टर लाटिगो,
दर पंधरा दिवसांनी, आणि दर वेळी मणक्यात सुई.
लामुनूने ऐकलं. बोटांवर मोजलं.
तिळाची पेरणी. घरी तिघं लहान.
कितगुमची बस म्हणजे
एक कोंबडी जायला, एक यायला.
येते, म्हणाली.
जाताना माणसं येतेच म्हणतात.

वहीत त्याच्या नावापुढे चौकोन कोरा.
एक आठवडा. वर आणखी दोन दिवस.
मी दुसऱ्या मुलांच्या काचा रंगवल्या.
वॉर्डाशी माझा काय संबंध, मी खिडकीआडचा माणूस,
तरी सकाळची बस आली
की नळ बंद करायचा विसरायचो.

नऊ दिवस उशिरा आली.
पाठीवर कोमाकेच, डोक्यावर गाठोडं.
कुणी रागावलं नाही. लागुम रागावली, थोडी.
त्याच्या मणक्यातलं पाणी माझ्याकडे आलं, चमचाभरही नाही.
काच या कडेपासून त्या कडेपर्यंत बघितली, दोनदा.
काही नव्हतं.
एकही चांदणी नसलेलं आकाश बघून
हायसं वाटणारा
या जिल्ह्यात मी एकटाच असेन.

मग त्याला स्टुलावर चढवलं.
जुनी काच लावली, त्याचीच, पहिल्या दिवसाची.
त्याने एक डोळा मिटला, तोंड उघडं राहिलं,
एका खाचेत नव्या दाताची पांढरी कड.
काय दिसतंय?
बराच वेळ गप्प.
तीळ, म्हणाला. कुणीतरी तीळ सांडलेत.

लामुनू दारात बसून गाठोड्याची गाठ सोडत होती.
आत शेंगदाण्यांबरोबर कुटलेले तीळ, पानात बांधलेले,
माझ्यासाठी की लागुमसाठी, तिने सांगितलं नाही.
पेरून झालं का सगळं? मी विचारलं.
अर्धं रान, म्हणाली. अर्धं तसंच राहिलं.
आणि वहीतली पुढची तारीख
माझ्याकडून वाचून घेतली.
मग परत एकदा.